शाब्बास, पण वेळेवर

मराठी मध्यमवर्गीय घरात कौतुक करायची एक ठरलेली पट्टी आहे. पदार्थ उत्तम झाला तर ‘खाण्यासारखा झालाय’, अप्रतिम झाला तर ‘आज मीठ बरोबर पडलंय’, आणि जन्मात पुन्हा होणार नाही असा झाला तर सगळे गप्प बसून तो संपवतात. पातेलं रिकामं दिसलं की करणारीने काय ते समजून घ्यायचं. मुलाला ९४ टक्के मिळाले तर आधी उरलेल्या सहांची चौकशी होते. ९८ मिळाले तर ‘यंदा पेपर सोपे होते म्हणे’. यामागे दुष्टपणा नसतो, सिद्धान्त असतो. तोंडावर कौतुक केलं की पोर शेफारतं, हाताखालचा माणूस पगारवाढ मागतो, आणि यातलं काहीच झालं नाही तर दृष्ट तरी लागते.

अशा घरात कुत्रं येतं.

पूर्वी कुत्रं आलं तरी या सिद्धान्ताला धक्का लागत नसे. ते अंगणात राही, उरलीसुरली भाकरी खाई, परक्यावर भुंके, आणि भुंकल्याबद्दल कुणी त्याला ‘वा!’ म्हणत नसे. आता ते तिसऱ्या मजल्यावरच्या टू बीएचकेमध्ये येतं, त्याच्या नावाचं लसीकरणाचं पुस्तक असतं, आणि त्याच्यामागोमाग ट्रेनर येतो. कमरेला ट्रीटची पिशवी लावलेला आणि घरातल्या धाकट्या भाच्याहूनही लहान दिसणारा हा तरुण पहिल्याच दिवशी सोफ्यावर बसून सगळ्या कुटुंबाला सांगतो, की यापुढे मारायचं नाही, ओरडायचं नाही. कुत्र्याने काही चांगलं केलं की एका सेकंदाच्या आत, आनंदी आवाजात शाब्बासकी द्यायची आणि वर खाऊ.

“काही चांगलं म्हणजे?”

“बसला तरी.”

“नुसता बसला तरी?”

“नुसता बसला तरी.”

इथे घरात शांतता पसरते. याच घरातली मुलगी सीए झाली तेव्हा पेढे वाटले होते, पण शेजाऱ्यांना. तिला विचारलं होतं, ‘आता पुढे काय?’

आमच्या सोसायटीत ए विंगमधल्या काकांच्या घरी हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. काका राष्ट्रीयीकृत बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी ‘हरकत नाही’ एवढं म्हटलं तरी शाखेत सगळ्यांना चहा मागवला जायचा, अशी आख्यायिका आहे. मुलगा सिएटलला. त्याने आईवडिलांना सोबत म्हणून पार्किंगमधल्याच एका पिल्लाला घरात घ्यायला लावलं. हल्ली अशा देशी कुत्र्यांना ‘इंडी’ म्हणतात, त्यामुळे काकांनाही ते कमीपणाचं वाटलं नाही. मुलाने फोनवरून नाव ठेवलं रॉकी. दोन दिवसांत त्याचं रॉक्या झालं.

ट्रेनर सांगत होता ते त्याच्या मनाचं नव्हतं. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन तरुणाने १८९८ मध्ये आपल्या प्रबंधासाठी भुकेल्या मांजरांना लाकडी पट्ट्यांच्या पेट्यांमध्ये कोंडलं होतं. बाहेर खाणं ठेवलेलं, आत दार उघडायचा खटका किंवा दोरी. मांजर आधी बोचकारे, ओरडे, पट्ट्यांमधून अंग काढायला बघे. त्या धडपडीत कधीतरी पंजा खटक्यावर पडे आणि दार उघडे. पुढच्या खेपेला बोचकारणं जरा कमी, त्यापुढच्या खेपेला आणखी कमी, आणि शेवटी शेवटी मांजर आत टाकल्याबरोबर खटका दाबून बाहेर. जे केल्यावर सुख मिळतं ते जीव पुन्हा करतो, असा यावरून थॉर्नडाइकने नियम काढला. काकांना हे ऐकून विशेष काही वाटलं नाही. दुधाच्या पातेल्यावरचं झाकण सरकवणारी मांजर त्यांनी लहानपणीच पाहिली होती. फक्त तेव्हा घरातल्यांनी तिच्यावर प्रबंध न लिहिता चिमटा फेकला होता.

मग आला बी. एफ. स्किनर. त्याने १९३० च्या दशकात उंदरांना दांडी दाबून खाणं मिळवायला लावलं, १९३८ मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि १९५१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात सामान्य माणसाने घरी जनावरांना कसं शिकवावं यावर चक्क एक लेख लिहिला. त्यात त्याने टिकटिक वाजणारं एक स्वस्त खेळणं वापरायला सांगितलं होतं. आपल्याकडे जत्रेत पत्र्याचा बेडूक मिळायचा, पोटाशी दाबला की टिक् वाजणारा, त्याच जातीचं. त्याचाच आजचा प्लॅस्टिकचा अवतार म्हणजे क्लिकर. खाऊ खिशातून निघून कुत्र्याच्या तोंडापर्यंत पोचायला वेळ लागतो. टिक् मात्र तिथल्या तिथे वाजतो. टिक् म्हणजे खाऊ येणार, हे एकदा कुत्र्याला कळलं की त्या आवाजाने नेमका क्षण दाखवता येतो: हे, आत्ता केलंस ना, याचे पैसे मिळणार.

काका क्लिकर टीव्हीच्या रिमोटसारखा रॉकीकडे रोखून दाबायचे. ट्रेनरने समजावलं, की तो खिशात ठेवून दाबला तरी चालतो, कुत्र्यात सेल नसतात. पण खरी अडचण रोखण्याची नव्हती, वेळेची होती. काकांची सगळी हयात आधी खातरजमा आणि मग मंजुरी या क्रमाने गेलेली. रॉकी बसला की ते चष्मा सारखा करून तो खरोखर बसला आहे का हे बघायचे, मागचे दोन्ही पाय जमिनीला टेकले आहेत का हे तपासायचे, मग टिक्. तोवर रॉकी उठून कान खाजवत असायचा. ते बक्षीस कान खाजवल्याचं व्हायचं. थोड्याच दिवसांत ‘बस’ म्हटलं की रॉकी बसायचा, उठायचा आणि डावा कान खाजवून काकांकडे अपेक्षेने बघायचा. तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय फाइल पुढे जात नाही, हे त्याला कळून चुकलं होतं.

यात रॉकीचा काही दोष नाही. १९४८ मध्ये स्किनरने भुकेल्या कबुतरांना, ती काय करतात इकडे लक्षच न देता, ठरावीक वेळाने आपोआप दाणे मिळतील अशी सोय केली होती. दाणे येण्याच्या आधी जे कबूतर जे करत असेल त्यालाच ते दाण्यांचं कारण समजू लागलं. एक गोल गोल फिरू लागलं, दुसरं पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात डोकं खुपसू लागलं. २०११ च्या वानखेडेवरच्या फायनलमध्ये ज्यांनी धोनीचा षटकार पडेपर्यंत मांडी मोडली नाही, घरातल्या कुणाला जागचं हलू दिलं नाही आणि बाथरूमला गेलेल्या मेहुण्याला बाहेर येऊ दिलं नाही, त्यांना हा प्रयोग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पुढची अडचण खाऊची. ट्रेनिंगमध्ये तुकडा मटाराच्या दाण्याएवढा हवा, नाहीतर चार-पाच वेळा बसल्यावर कुत्र्याचं पोट भरतं आणि शिक्षणातला रस संपतो. हे ऐकून काकांच्या आईंना, म्हणजे आजींना, फार वाईट वाटलं. “एवढंसं? जनावर झालं म्हणून काय झालं, पंक्तीत बसवून कण वाढायचे का?” आजी रॉकीला अर्धी पोळी द्यायच्या, तीही तूप लावून. आणि शाब्बासकी? ती नाही. ती कशाला, शेफारेल. तेव्हा लक्षात आलं, की मराठी घरात वाढायचा हात सैल असतो आणि कौतुकाचा आखडता. या शास्त्राला नेमकं उलटं हवं आहे: खायला कणभर, कौतुक मणभर.

शिवाय खाऊ असा हवा, की कुत्र्याला त्यासाठी धडपडावंसं वाटलं पाहिजे. ‘गाढवाला गुळाची चव काय’ असं आपण म्हणतो आणि दोष गाढवाला देतो. पण गाढवाने गूळ मागितला कधी होता? ज्याला त्याला ज्याचा त्याचा गूळ असतो. रॉकीचा गूळ म्हणजे उकडलेलं चिकन. घर शाकाहारी, त्यात श्रावण लागलेला. बरीच चर्चा होऊन तोडगा निघाला: चिकन ट्रेनरच्या डब्यातून, खाली पार्किंगमध्ये, घरात पनीर. परिणाम असा झाला, की रॉकी पार्किंगमध्ये पदवीधर आणि घरात नापास. पाहुण्यांसमोर ‘रॉकी, बस’ म्हटलं की तो लिफ्टकडे बघायचा. आजींच्या मुठीत बेदाणे होते ते मात्र ट्रेनरने जवळजवळ हिसकावून घेतले, आणि बरं केलं. द्राक्षं, मनुका, बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. चॉकलेट आणि कांदाही त्यांना विषासमान.

घरात हुकमांची एकवाक्यता नव्हती ते वेगळंच. ट्रेनर म्हणायचा ‘सिट’. काका म्हणायचे ‘बस’. काकू म्हणायच्या ‘बस बरं गुपचूप एका जागी’. आजी त्याच प्रसंगी ‘बैस हो’ म्हणायच्या, आणि कामवाल्या मावशी पुसलेल्या फरशीवर तो आला की ‘बसू नको!’ म्हणायच्या. या सगळ्यातून रॉकीने निष्कर्ष काढला होता, की घरात कुणीही ‘ब’पासून काही बोललं तर मावशींचा चेहरा बघावा. मावशींचा शब्द एकच असे आणि रोज तोच असे, म्हणून तो फक्त त्यांचंच ऐकायचा. ट्रेनरने त्यांचं घरच्यांसमोर कौतुक केलं, तर मावशी म्हणाल्या, “हे बाईंना सांगा पगाराच्या दिवशी.”

आजींना मात्र शास्त्राने नंतर न्याय दिला. डेव्हिड प्रेमॅक या मानसशास्त्रज्ञाने १९५९ पासून असं मांडलं, की बक्षीस म्हणजे खाऊच असला पाहिजे असं नाही. जी गोष्ट करायला जिवाला आपणहून आवडते तीच नावडतीचं बक्षीस होऊ शकते. अमेरिकेत याला गमतीने ‘आजीचा नियम’ म्हणतात. आपल्या आज्यांनी तो कुणाचीही वाट न बघता पिढ्यान्‌पिढ्या चालवला: आधी परवचा, मग खेळ, आधी कारल्याची भाजी, मग आमरस. आजींनी रॉकीला तो लावला. दार उघडायच्या आधी बसायचं, नाहीतर दार उघडत नाही. त्या दाराशी खुर्ची टाकून जपमाळ ओढत बसायच्या. रॉकी उड्या मारायचा, कुंई कुंई करायचा, आजी जप करायच्या. तो बसला की त्या कडी काढायच्या. क्लिकर नाही, चिकन नाही, इंग्रजी नाही. रॉकी दारापाशी न सांगता बसायला लागला. काका म्हणाले, “योगायोग आहे.”

मारण्या-ओरडण्याचं काय, हा प्रश्न काकांनी लावून धरला होता. छडीशिवाय विद्या येत नाही यावर त्यांची श्रद्धा. दुपारी रॉकीने दिवाणखान्यात केलेलं शी-शूचं काम संध्याकाळी फिरून आल्यावर त्याच्यासमोर नेऊन दाखवायचं आणि वर्तमानपत्राची गुंडाळी आपटायची. रॉकी कान पाडायचा, शेपूट आत घ्यायचा, नजर चुकवायचा. “बघा, कळतं त्याला काय केलंय ते!” काका म्हणायचे. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने न्यूयॉर्कमध्ये नेमकं हेच तपासलं आणि २००९ मध्ये प्रसिद्ध केलं. मालकाच्या पाठीमागे कधी कुत्र्याने खाऊ पळवला, कधी नाही. पण मालकाला काय सांगायचं हे प्रयोग करणाऱ्यांच्या हातात. तो अपराधी चेहरा कुत्र्याने गुन्हा केला की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर होता. काही न करता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांचे चेहरे तर सर्वांत अपराधी दिसले. शाळेत कुणी फळ्यावर मास्तरांचं चित्र काढलं की पहिल्या बाकावरचा पापभीरू मुलगा आधी लाल व्हायचा, तो का, याचा उलगडा मला इतक्या वर्षांनी झाला.

खरं तर छडीच्या जगात बक्षिसाची पद्धत रुजली ती समुद्रामुळे. घोड्याला लगाम असतो, बैलाला वेसण, कुत्र्याला पट्टा. डॉल्फिनला काय घालणार? ओरडलात तर तो तळाशी जाऊन तुम्ही निघून जायची वाट बघतो. १९६० च्या दशकात हवाईच्या सी लाइफ पार्कमध्ये डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांच्यापुढे शिट्टी आणि मासा यांखेरीज दुसरा मार्गच नव्हता. तिथलं शहाणपण त्यांनी १९८४ मध्ये ‘डोन्ट शूट द डॉग’ या पुस्तकात कुत्र्यांपासून नवऱ्यांपर्यंत सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि पुढे क्लिकरचा जगभर प्रसार झाला. काका हे ऐकून म्हणाले, “डॉल्फिनचं ठीक आहे हो, पण कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच.” ट्रेनर म्हणाला, “काका, ते सरळ करायची गरज कुणाला होती?”

शेपटाच्या म्हणीत तथ्य नाही असं मात्र नाही. स्किनरचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड या जोडप्याने १९४७ मध्ये जनावरं शिकवायची कंपनी काढली, पुढे आर्कान्सामधल्या हॉट स्प्रिंग्ज गावात ‘आयक्यू झू’ उघडला, कोंबड्यांना नाचायला आणि पियानो वाजवायला लावलं. पण १९६१ मध्ये त्यांनी प्रामाणिकपणे आपली फजितीही छापली. एका रॅकूनला नाणी उचलून पेटीत टाकायला शिकवायचं होतं. एक नाणं त्याने कुरकुरत टाकलं. दोन दिली, तर तो ती एकमेकांवर घासत बसला, पेटीत बुडवी, बाहेर काढी, पुन्हा घाशी, पण सोडीना. खाऊ समोर असूनही. खाणं हातात घोळवून, चोळून मग खायचं ही रॅकूनची उपजत खोड नाण्यांवर उतरली होती. डुकरं अशीच नाणी मुसंडीने उकरत बसली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे आपल्याला ठाऊक होतं. ब्रेलंड दांपत्याने त्याला फक्त शास्त्रीय मासिकात जागा मिळवून दिली. म्हणून बीगलला जमीन हुंगायची आणि टेरियरला उकरायची बंदी करू नये, उलट त्यालाच बक्षीस करावं, असं शहाणे ट्रेनर सांगतात.

रॉकीची उपजत खोड ओट्यावरची पोळी पळवण्याची. ट्रेनरने बजावलं होतं, मागे धावायचं नाही. धावलात की तो खेळ होतो, आणि खेळ हेही बक्षीसच. आजी मात्र उठल्या. “नामदेवांची पोळी कुत्र्याने पळवली तर ते मागे तुपाची वाटी घेऊन धावले, कोरडी कशी खाशील म्हणून,” त्या म्हणाल्या. यावर ट्रेनर निरुत्तर झाला. शास्त्राच्या बाजूने एवढंच म्हणता येईल, की ते कुत्रं दुसऱ्या दिवशीही त्याच वेळी आलं असणार. नामदेवांची त्याला हरकत नसती. इथे प्रश्न काकूंचा होता, ज्या मोजून पोळ्या लाटतात.

शेवटची आणि सगळ्यात अवघड अडचण आवाजाची. शाब्बासकी आनंदी सुरात द्यावी लागते, जरा वरच्या पट्टीत. काकांच्या तोंडून ‘शाब्बास’ हा शब्द असा निघायचा, की रॉकी कोपऱ्यात जाऊन बसायचा. पुरुषाने चारचौघांत, सोसायटीच्या आवारात, वरच्या पट्टीत लाडं लाडं बोलणं म्हणजे शोभा झाली असं त्यांना वाटे. त्यांचं हे मत बदललं ते ट्रेनरने पोलिसांच्या श्वानपथकाची गोष्ट सांगितल्यावर. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत झंजीर नावाच्या लॅब्रॅडॉरने ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून काढायला मदत केली. २००० साली तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. अशा कुत्र्यांना देशाच्या शत्रूंशी काही देणंघेणं नसतं. त्या विशिष्ट वासामागून आपला चेंडू किंवा खाऊ येतो, एवढंच त्यांना माहीत असतं. आणि त्या वासापाशी कुत्रं शांत बसलं, की मिशाळ हवालदार कामाच्या जागीच त्याचे तोंडभरून लाड करतो. “वर्दीत?” काकांनी विचारलं. “वर्दीत,” ट्रेनर म्हणाला.

वर्दीला काका मान देतात. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला ए विंगखाली आवाज येऊ लागला: “अरे वा वा वा! किती हुशार रे माझं लेकरू!” सुरुवातीला आम्हाला वाटलं, कुणाच्या घरी बाळ आलं. रॉकी भराभर शिकला. बसणं, थांबणं, हाक मारल्यावर येणं. आणि मग एका रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल चालू असताना रॉकी कुणी न सांगता आपल्या गादीवर जाऊन बसला, आणि काकांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “शाब्बास रे माझ्या राजा!” सिएटलमध्ये शांतता पसरली. चाळिशीला आलेला, एमटेक झालेला, दोन पेटंट नावावर असलेला तो मुलगा मान किंचित तिरकी करून म्हणाला, “बाबा, हे कुणाला म्हणालात?”

“रॉक्याला,” काका म्हणाले. “गादीवर बसला तो.”

“हां,” मुलगा म्हणाला. “चांगलंय.”

त्या दिवशी काकांनी ट्रेनरला वाद घालायलाच बसवलं. त्यांच्या हाती एक मुद्दा लागला होता. चार्ल्स फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये सातशेहून अधिक पानांचा एक ग्रंथ केवळ बक्षीस कधी आणि किती वेळाने द्यावं यावर लिहिला. दर वेळी बक्षीस देत गेलात, तर बंद केल्यावर वागणंही लवकर बंद पडतं. कधी दिलं, कधी नाही, पुढचं कधी मिळेल याचा नेम नाही, असं ठेवलंत, तर ते वागणं चिवट होतं, सुटता सुटत नाही. मटका, लॉटरी, नाणं टाकायची जुगाराची यंत्रं यावरच चालतात. जेवणाच्या टेबलाशी भीक मागणारं कुत्रं म्हणूनच कधी सुधारत नाही: रोज सगळे नाही म्हणतात, पण आठवड्यातून एकदा कुणीतरी हळूच तुकडा टाकतं, आणि तेवढ्यावर ते पुढचा आठवडा काढतं.

“मग आमचं काय चुकलं?” काका म्हणाले. “आमच्या वडिलांनी मला आयुष्यात दोनदा ‘बरं केलंस’ म्हटलं. एकदा मॅट्रिकला, एकदा घराचं कर्ज फिटलं तेव्हा. दोन्ही वेळी त्यांनी कुठला सदरा घातला होता तो सांगतो तुला. त्या दोन शब्दांवर मी सदतीस वर्षं नोकरी केली. चिवट झालो की नाही?”

युक्तिवाद बिनतोड वाटत होता. अर्ध्या महाराष्ट्राचं कर्तृत्व त्या एका नियमाने उलगडत होतं. पन्नाशीला पोचलेले, बंगले बांधलेले, परिषदांमध्ये अध्यक्षस्थानी बसलेले लोक आजही गावी वडिलांसमोर उभे राहिले की नाणं टाकून यंत्राची दांडी ओढतात.

ट्रेनर जरा विचार करून म्हणाला, “काका, कमी-जास्त करणं हे दुसरं पाऊल. पहिलं पाऊल म्हणजे शिकताना दर वेळी द्यायचं. प्रत्येक वेळी. पक्कं झालं की मग हळूहळू कमी करायचं. तुम्ही सुरुवातच दुसऱ्या पावलापासून केलीत, तर काही कुत्री टिकतात, चिवट होतात. बाकीची काय करायचं तेच न कळून गोंधळून बसतात. आणि मग आपण म्हणतो, हे मठ्ठ आहे.”

काका काही बोलले नाहीत. पण त्या आठवड्यात त्यांनी प्रयोग सुरू केला. दुपारी पहिल्या घासाला, एका सेकंदाच्या आत, ते म्हणाले, “वा! आमटी फार सुरेख झालीये!” काकूंनी हातातला डाव खाली ठेवला आणि विचारलं, “बीपीची गोळी घेतलीत ना सकाळी?” रविवारी मुलाने बढती मिळाल्याचं सांगितलं. एरवी यावर ‘म्हणजे आता काम वाढणार’ असं उत्तर ठरलेलं. काका वरच्या पट्टीत म्हणाले, “शाब्बास!” पडद्यावरचा मुलगा इतका स्तब्ध झाला, की नेट गेलं असं वाटून काकांनी फोन दोनदा हलवला. मग आवाज आला, “बाबा, जरा आईकडे देता फोन?” काकू फोन घेऊन गॅलरीत गेल्या. “अगं, तब्येत बरी आहे ना त्यांची? काही रिपोर्ट वगैरे आलेत का? माझ्यापासून लपवू नका.”

काकांनी हिरमुसून ट्रेनरला गाठलं. ट्रेनरला यात नवल वाटलं नाही. कधी न पाहिलेली वस्तू एकदम नाकाशी नेली की कुठलंही जनावर बुजतं. ती लांबून दाखवायची, थोडी थोडी, रोज जरा जवळ. मागे सरकलं तर मनाला लावून घ्यायचं नाही. बसायला शिकवताना रॉकीला तरी पहिल्या दिवशी पुरतं बसायला कुठे लावलं होतं? नुसते मागचे पाय वाकले तरी टिक् केलंच होतं की.

तेव्हापासून एक तक्ता फ्रीजवर लावलेला आहे. पहिला महिना फक्त ‘वाईट नाही’. दुसरा महिना ‘बरं झालं हो’. दसऱ्याला एकदा ‘छान’, तेही बोलता बोलता, दुसऱ्या विषयाच्या पोटात घालून. मुलगा फोनवर दचकला, तर एक पायरी खाली यायचं आणि पुन्हा तिथून सुरू करायचं. ट्रेनरचा अंदाज असा, की घाई केली नाही तर दिवाळीपर्यंत तो ‘शाब्बास’ ऐकून घेईल, आणि आईला फोन द्यायला सांगणार नाही.